लाटण्यावरचा ठेका

आमच्या घरात बोलणं कमी आणि वाजणं जास्त. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते, आणि तिच्याबरोबर घरातली बडबडही गेली, असं शेजारच्या चंद्राकाकू म्हणायच्या. मग मी एवढी बडबडी कशी झाले असं कोणी विचारलं, तर तेव्हाचं साठलेलं आता बाहेर पडतंय असं समजावं. घरात तिघंच. नाना म्हणजे माझे वडील, माझा थोरला भाऊ दादा, आणि मी, शकू. काष्टीपासून दोन कोसांवर आमची वस्ती. बाजाराला काष्टी, दवाखान्याला काष्टी, आणि ज्याला जगात कुठंही जायचं असेल त्यानं आधी काष्टीच गाठायची. वस्तीवर सकाळी ऐकू यायचं ते नानांचं खाकरणं, मग बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचं खुळखुळणं, आणि मग पेटी. नाना न्याहारीच्या आधी पेटी काढायचेच. पेटी जुनी, भाता जरा फाटका, त्यामुळे प्रत्येक सुरामागं एक फुस्स असा आवाज यायचा. मधल्या सप्तकातली एक पट्टी तर पारच मुकी होती. गाताना तो सूर आला की नाना तो गळ्यातून असा भरून काढायचे की ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये. मला मात्र ती मुकी पट्टी बरोबर कळायची. चुलीपुढं बसून मी तिची वाट बघायचे.

नाना शेती करणारे, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख भजनाची. गळा मोकळा, पाठांतर दांडगं. त्यांच्यामागं चौदा-पंधरा टाळकरी आणि पखवाजाला आमच्या बांधाशेजारचे किसनकाका. मग लागोपाठ पाऊस रुसला. विहिरीच्या तळाला कपारी दिसायला लागल्या, आणि टाळकरी एकेक करून गेले. कोणी खडी फोडायच्या कामावर, कोणी बायकापोरांसकट ऊसतोडीला. किसनकाका नागापूरच्या कारखान्यात हमालीला लागले आणि जाताना दादालाही घेऊन गेले. तिथल्या एका वर्कशॉपात दादाला हेल्परचं काम मिळालं. निघताना किसनकाकांनी पखवाज आमच्या ओसरीत आणून ठेवला आणि मला म्हणाले, "पोरी, ह्याला ऊन लागू दिऊ नगं. आन् उंदरावर ध्यान ठिव, चामड्याची वादी कुरतडत्यात." बाकी काही नाही. जसं काही मांजराचं पिल्लूच सांभाळायला दिलंय.

त्या दिवसापासून घरात मी आणि नाना. दिवसच्या दिवस आमच्यात चार वाक्यं व्हायची. "भाकर झाली का?" "झाली." "बैलं पाजली?" "पाजली." खायला लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची भाकरी, तीही रेशनची, थापताना कडेनं फाटणारी, आणि बरोबर हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. रोज तेच. माडग्याचा वास आजही आला तर मला पहिल्यांदा शांतता आठवते, मग चव. संध्याकाळी नाना ओसरीत पेटी घेऊन एकटेच गायचे. ठेक्याला कोणी नाही, तर स्वतःच मांडीवर थाप मारायचे, पण पेटीला दोन्ही हात लागले की मांडी गप्प. असंच एकदा चाललेलं असताना मी आत काटवटीत पीठ मळत होते. हात भरलेले होते आणि माझं मलाच कळलं नाही, मी काटवटीच्या काठावर ठेका धरला. लहानपणापासून किसनकाकांच्या मागं बसून त्यांची बोटं पाहिलेली, ती बोटं कुठंतरी माझ्यात जाऊन बसली असणार. नाना थांबले. मीही थांबले. मला वाटलं, आता ओरडणार. पण त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली, जरा सावकाश, मला पकडता येईल अशी. आमचं बोलणं खरं त्या संध्याकाळी सुरू झालं.

मग पखवाज खाली उतरला. नानांनी हाताला धरून शिकवलं असं नाही, ते वाजवणारे नव्हतेच. ते फक्त गायचे आणि काय चुकलं ते सांगायचे. "लई भरतीयास." "आता समेवर पड जरा." आणि सगळ्यात जास्त वेळा, "जागा सोड." ते गाताना एखाद्या शब्दावर घुटमळायचे, सूर लांबवायचे. त्या वेळी वाजवणाऱ्यानं हात आवरायचा, नुसता ठेका धरून मधली जागा गाणाऱ्याला मोकळी सोडायची. मला ते जमायचं नाही. पोरवय, हाताला खाज. एक रिकामी मात्रा दिसली की मी तिथं दोन बोल घालणारच. "जागा सोड, शके," असं दिवसातून दहादा ऐकायचे आणि हसायचे.

पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक लावावी लागते, पुरीएवढी, त्याशिवाय तो घुमत नाही. आणि कणीक गव्हाचीच पाहिजे. मिलोचं पीठ लावून पाहिलं, दोन थापांत सगळं मांडीवर. म्हणून नाना काष्टीच्या बाजारातून माझ्यासाठी मूठभर गहू आणायचे, धोतराच्या सोग्यात बांधून. चंद्राकाकूंनी एकदा मला ते दळताना पाहिलं. "आगं मानसाला खायाला न्हाई आन् ह्या लाकडाला चपाती चारतीयास व्हय!" मी म्हटलं, "काकू, ते तुमच्यावानी कुरकुरत न्हाई, एकदा खाल्लं की दिसभर बोलतंय." काकू फुगल्या, पण संध्याकाळी स्वतःच ओसरीत येऊन बसल्या ऐकायला.

आणि मग आम्ही दोघं बाहेर जायला लागलो. ज्या गावांत पंधरा माणसांचं भजन जायचं, तिथं आता नाना आणि त्यांची पोरगी. आधी लोक कुजबुजायचे. बाई माणूस पखवाजाला बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. एका गावात एक म्हातारा पुढं येऊन माझे हातच बघून गेला, खरोखरचे आहेत का म्हणून. "नाना, पोरगं म्हनून जलमाला यायची, वाट चुकली वाटतं!" असं कोणी म्हणालं की नाना पेटीवर बोटं ठेवून नुसतं, "बघू आता वाट," एवढंच म्हणायचे आणि सुरू करायचे. मी तेव्हा चौदाची असेन. परकर-पोलकं, वेण्या, आणि मांडीवर पखवाज. नानांच्या डाव्या हाताला बसायचं, ही माझी जागा. गावं ओस पडली म्हणून मला ती मिळाली, हे मला कळत होतं. माणसं परत आली की ती जाईल, हेही कळत होतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर देवाला कसं सांगावं ते कळायचं नाही. पाऊस पाड म्हणावं, तर टाळकरी परत येणार. नको म्हणावं, तर बैलांची हाडं दिसत होती.

पण माझी जागा जायला पावसाची गरज लागली नाही. दादा आला. सुट्टीवर आला तो सायकलच्या कॅरिअरला एक खोकं बांधून. नानांना म्हणाला, "नाना, तुमच्यासाठी कायतरी बनवलंय. आता ठेक्यासाठी कुनाच्या दारात जायाला नगं." खोक्यातून त्यानं नगरच्या भंगारबाजारातून उचललेल्या ग्रामोफोनची चावीची मशीन काढली. तिच्या आडव्या दांड्यावर एक लाटणं बसवलेलं. खरंच लाटणं, पोळ्या लाटायचं, नवं कोरं. त्याच्यापुढं सायकलच्या तारांचे चार बारके हातोडे, आणि हातोड्यांखाली एक डिमडी नि झांजेची जोडी. लाटण्यावर जिथं खिळा ठोकाल, तिथं हातोडा उचलला जाणार आणि पडणार. चावी दिली की लाटणं फिरत राहील, एक कळ सरकवली की लय वाढेल, उलटी सरकवली की कमी होईल. हे सगळं दादानं वर्कशॉपच्या जेवणाच्या सुट्टीत, स्वतःच्या डोक्यानं केलेलं. डोकं होतंच त्याला. फक्त खिळे ठोकले नव्हते, कारण ठेका कसा ते त्याला येत नव्हतं.

"शके, बस हितं. बोल सांग सावकाश."

मी बसले. मी काय सांगत होते ते मला तेव्हा कळलं नाही असं म्हणायला आवडेल, पण खरं नाही. मला कळत होतं. तरी मी धिन् ना, धिन् धिन् ना म्हणत गेले, तो लाटण्यावर पेन्सिलीनं खुणा करत गेला. दोन दिवस आम्ही दोघं त्या लाटण्याला चिकटून होतो. आईच्या पाठीमागं मी आणि दादा इतका वेळ एकत्र कधी बसलोच नव्हतो. तो हसत होता, हातावर हातोडी मारून घेऊन ओरडत होता, मला "गुरुमाय" म्हणत होता. त्या दोन दिवसांसाठी मी माझाच ठेका त्याच्या हातात दिला. एक खिळा मी जाणूनबुजून चुकीच्या जागी सांगितला होता, हेही लिहून टाकते. मग लाज वाटली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मीच तो दुरुस्त करून घेतला. यंत्र वाजलं. खट्-छन्न, खट्-खट्-छन्न. किसनकाकांच्यासारखं घुमत नव्हतं, पण चुकत नव्हतं. नाना पेटी घेऊन बसले आणि त्याच्याबरोबर एक अख्खा अभंग गायले. शेवटी म्हणाले, "दमत न्हाई हे." एवढंच.

दादाच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आज शपथेवर सांगेन. तो म्हणाला, "शकीला किती दिवस चारचौघांत बसवायची? आता मोठी झाली ती." नानांनी पेटीचा भाता मिटला.

आता दादाचाच पोरगा, महेश, नगरला कीबोर्ड वाजवतो. हळदी, वाढदिवस, लग्नं. त्याच्या त्या वाद्यात ढोलकी, संबळ, बासरी, सगळा ताफा बटणात बसलेला. डाव्या हातानं तो सूर धरतो आणि मागची सगळी वाद्यं त्या सुरावर वळतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच आलं. दादाचं लाटणं म्हणजे ह्या पेटाऱ्याचा पणजोबा. मी महेशला विचारलं, "का रे, गानारी मधीच चुकली तर?" "आत्या, एक बटन हाय, दाबलं की पुन्हा धरता येतं." "आन् तिला जरा थांबावंसं वाटलं तर?" "तर मी थांबवतो." "म्हंजे ऐकावं तुलाच लागतं." "मग! त्याला कान कुठं हायेत?" मला ते उत्तर आवडलं. मी त्या यंत्राला नावं ठेवणार नाही. पाच माणसं जमवायची तर एकाची ड्यूटी, दुसऱ्याची सासुरवाडी, तिसरा रुसलेला. महेश एकटा कीबोर्ड पाठीला बांधून मोटरसायकलवर जातो, वेळेवर वाजवतो, जेवायला घरी येतो. वाजवून पोट भरणाऱ्याला दुसरं काय पाहिजे असतं? फक्त जाता-येताना त्याच्याशी बोलायला कोणी नसतं. ते तो सांगत नाही, मीच ओळखते.

तर, त्या यंत्राचं पहिलं बाहेरचं वाजणं. नदीपलीकडच्या एका गावात सप्ता होता. दुष्काळातला सप्ता, त्यामुळे पंगतीला पातळ आमटी आणि भाकरी, पण माणसं भरपूर. दुपारच्या भजनाला नानांना बोलावलं होतं. देवळापुढं कडुनिंबाखाली बैठक घातली. नानांच्या उजव्या अंगाला दादानं यंत्र मांडलं, डाव्या अंगाला मी. ठरलं होतं की दोन्ही वाजवायचं, यंत्राच्या ठेक्यावर माझा भरणा. पण लोक माझ्याकडं बघतच नव्हते. सगळे मान लांब करून लाटणं बघत होते. "आगं बया, लाटनंच वाजतंय की!" बायकांमध्ये हशा पिकला. "आमच्या घरचं लाटनं नुसतंच डोस्क्यात बसतंय!" एक गडी म्हणाला. मलाही हसू यायला हवं होतं.

पहिला अभंग बरा गेला. दुसऱ्यात नानांनी सूर लांबवला. यंत्र आपलं खट्-छन्न करत राहिलं, आणि मला वाटलं, आता मी गप्प बसले तर इथं फक्त लाटणंच ऐकू येणार. मग मी भरत सुटले. होते नव्हते ते सगळे बोल, दुप्पट लयीत, त्या झांजेच्या वर आवाज काढत. माझ्या हाताखालची कणीक उडून पुढच्या माणसाच्या सदऱ्यावर बसली इतकी. नानांचा सूर त्यात कुठं बुडाला ते मला कळलंच नाही. त्यांनी गाताना तोंड न वळवता, दोन शब्दांच्या मध्ये, मला म्हटलं,

"शके, जागा सोड."

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांच्या पलीकडं दादा, दादापुढं ते यंत्र, आणि पुढं शंभर डोळे त्याच्यावर लागलेले. मी पखवाज मांडीवरून उतरवला, नीट आडवा ठेवला, आणि उठले. परकर झटकला. बायकांच्या मधून वाट काढत देवळाच्या मागं निघून गेले.

तिथं मोठ्या पातेल्यांचा ढीग पडला होता आणि दोन बायका राखेनं घासत होत्या. मीही एक पातेलं ओढलं. मागून नानांचा आवाज येत होता. एका जागी तो अडखळला, एक पूर्ण आवर्तन नुसतं खट्-छन्न ऐकू आलं, आणि मग ते पुन्हा गायला लागले. नंतर यंत्राची चावी उतरत गेली, लय मंद मंद झाली, नानाही तिच्याबरोबर मंद झाले, आणि लोकांना वाटलं मुद्दामच केलंय. वा वा झाली. माझ्याशेजारची बाई म्हणाली, "लई गोड गातोय. कोन गं हे?" मी म्हटलं, "ठाऊक न्हाई."

परतताना गाडीत आम्ही तिघं. नाना बैलांमागं, मी नि दादा मागं, आणि आमच्या मध्ये ते खोकं, माझ्याच वाकळेत गुंडाळलेलं. दादा खुशीत होता. "शके, शानी झालीस बघ. आपनहून उठलीस. तिथल्या मोठ्या घरच्या बाई मला इचारत हुत्या, पोरगी कुनाची म्हनून."

मी म्हणाले, "आपनहून न्हाई उठले. नानाच म्हनले, जागा सोड."

दादा "मग बरंच की," म्हणाला. त्याला त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं. पण नानांनी मागं वळून पाहिलं. कासरा हातातच राहिला. आणि त्यांच्या त्या चेहऱ्याकडं बघता बघता मला कळलं की मी काय ऐकलं आणि ते काय म्हणाले होते. दिवसातून दहादा ऐकलेला शब्द. हात आवर, मला गाऊ दे, एवढंच. ऊठ असं ते म्हणालेच नव्हते. मी वाट पाहिली. आता म्हणतील, येडे, तसं न्हाई गं. एवढे तीन-चार शब्द. त्यांचं तोंड उघडलंही होतं.

मग त्यांनी तोंड मिटलं, पुढं पाहिलं आणि बैलांना हाक दिली.

मी आज नाना गेले त्या वयाच्याही पुढं आहे, आणि तो चेहरा मी किती वेळा उलटसुलट करून पाहिलाय. आई नसलेली पोर, वय वाढतंय, मोठ्या घरच्या बाई विचारतायत, पोरगा स्वतःच्या हातानं यंत्र करून देतोय. इतके दिवस ज्याचा निर्णय त्यांच्यानं होत नव्हता, तो माझ्या चुकीनं आपसूक झाला. ती चूक त्यांनी फक्त तशीच राहू दिली. आणि मी? मला तोंड नव्हतं का? मीही म्हणू शकले असते, नाना, मला चुकीचं ऐकू आलं. पण ज्यानं ओळखलंय त्यानं आधी बोलावं, असा हट्ट माझ्यात होता, आणि तो त्यांच्याकडूनच आलेला.

चार-पाच दिवसांनी दुसऱ्या गावाला भजन होतं. दादा नागापूरला परत गेला होता, जाताना चावी किती फेरे द्यायची ते नानांना शिकवून. सकाळी नानांनी पेटी गाडीत ठेवली, खोकं ठेवलं. मी आत भाकरी थापत होते. ते परत आले आणि दारात उभे राहिले. पागोटं बांधून झालेलं, पायात वहाणा, उंबऱ्याच्या बाहेर. मी मान वर केली नाही. थापता थापता हात थांबू दिला नाही. एक भाकरी झाली, दुसरी झाली, ते तिथंच. बाहेर बैल मान हलवत होता.

"पानी भरलंय का?" त्यांनी विचारलं.

"भरलंय," मी म्हटलं.

आणि ते गेले.